भूत काय बोलतंय ते तरी ऐका

प्रति,
मा. संपादक,
वाचकांची पत्रे

विषय : आपल्या जिल्हा पानावरील 'झपाटलेलं गाव' ही बातमी

महोदय,

मथळ्यात तुम्ही आमच्या गावाला झपाटलेलं म्हटलंत, आत बातमीत 'अज्ञात शक्तीच्या विळख्यात' म्हटलंत, आणि फोटोखाली 'सायंकाळी सातनंतर येथे कोणी फिरकत नाही' असं छापलंत. यातलं तिसरं वाक्य तेवढं खरं आहे. सातनंतर कोणी फिरकत नाही, कारण बिबट्या आहे. उसाला तोड लागली की तो वस्तीकडे सरकतो, हे गोदाकाठच्या लहान पोरालाही ठाऊक असतं. फोटोतल्या द्राक्षांच्या पॅकिंग शेडच्या दारावर जे टवटवीत लिंबू दिसतंय, ते जुनं वाळलं म्हणून फोटोपुरतं नवं आणलं होतं. कुठल्या टपरीवरून आणलं, हेही गावाला माहीत आहे. असो.

मी निवृत्त सब-पोस्टमास्तर. निफाड तालुक्यातल्या या बाजाराच्या गावात माझी शेवटची बदली झाली आणि मी इथलाच झालो. काउंटरमागे बसणाऱ्याला गाव जितकं कळतं तितकं सरपंचालाही कळत नाही. कोणाच्या पोरीच्या सुकन्या खात्याचा हप्ता थकला, कोणाच्या नवऱ्यानं बायकोची आरडी मुदतीआधी मोडायला लावली, हे तोंडानं कोणी सांगत नाही, पासबुक सांगतं. ज्या पोरींना 'बाधा' झाली असं तुम्ही लिहिलंत, त्यांतल्या बऱ्याच जणींची खाती माझ्या हातानं उघडलेली आहेत. म्हणून हे पत्र. लांबलं तर कापू नका, दोन दिवसांत छापा.

या 'बाधे'ची सुरुवात पौषातल्या थंडीत झाली. निफाडची थंडी नाशिककरांना सांगायला नको. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा घसरला की तुम्हीच पहिल्या पानावर शेकोट्यांचे फोटो टाकता. त्याच दिवसांत युरोपला जाणाऱ्या द्राक्षांचा हंगाम उघडतो. गावाबाहेर एक पॅकिंग शेड आहे. नाव लिहीत नाही. आमच्या गल्लीतली एक पोर तिथं कात्रीवर जाते, शिवाय मुक्त विद्यापीठातून बी. ए. करते.

कात्रीवर जाणं म्हणजे काय, हे ज्यांनी द्राक्षं नुसती खाल्ली आहेत त्यांच्यासाठी सांगतो. घड देठाला धरायचा, मण्याला बोट लागू द्यायचं नाही, नाहीतर मण्यावरची पांढरी झाक पुसली जाते आणि माल हाताळलेला दिसतो. बारीक टोकाच्या कात्रीनं सडका, चिरलेला, बारका मणी तेवढा उडवायचा. मग घड पाऊचमध्ये किंवा पनेटमध्ये, म्हणजे प्लास्टिकच्या छोट्या डबीत, वजनकाट्यावर, तिथून पेटीत. पेटी बंद करायच्या आधी घडांवर एक कागद पसरतात, त्याला ग्रेप गार्ड म्हणतात. त्यात सोडियम मेटाबायसल्फाइटची पूड असते. ओल लागली की तिच्यातून सल्फर डायऑक्साइड सुटतो आणि बोटीच्या प्रवासात घडाला बुरशी धरत नाही. काडी ओढल्यावर येतो तसला उग्र वास. बंद जागेत तो साठला की डोळे चुरचुरतात, घसा धरतो, खोकला येतो, छाती आवळते. ज्याला दमा आहे त्याचे तर हालच.

शेडमध्ये बांगड्या चालत नाहीत, टिकली चालत नाही, मंगळसूत्र चालत नाही. परदेशी गिऱ्हाइकाचा नियम आहे आणि तो बरोबर आहे. मालात काचेचा तुकडा गेला तर अख्खा कंटेनर गोत्यात येतो. आमच्या गावातल्या म्हाताऱ्या बायांनी मात्र पहिला दोष त्या ओक्याबोक्या हातांना दिला. 'सवाष्णीचे हात रिकामे ठेवले, मग काय येणार नाही?' कोसळलेल्या पहिल्या दोघींचं लग्नसुद्धा झालेलं नव्हतं, पण ऐकतो कोण.

याच शेडमध्ये आणखी काही नियम होते, जे युरोपातल्या कुठल्याच गिऱ्हाइकानं सांगितलेले नव्हते. गारवा जाऊ नये म्हणून दार बाहेरून ओढून कडी घालायची. संडासची किल्ली सुपरवायझरच्या खिशात. मोबाइल सकाळीच जमा. कंटेनर भरायचा असेल त्या दिवशी घरी किती वाजता सोडणार ते विचारायचं नाही.

तर आमच्या गल्लीतली ती पोर एका संध्याकाळी उभ्या जागी कोसळली. मुठी आवळलेल्या, बोटं आत वळलेली, डोळे फिरलेले. पाणी मारल्यावर उठून बसली आणि घोगऱ्या, म्हाताऱ्या बाप्याच्या आवाजात बोलायला लागली, "दार उघड. मला कोंडलंय. माझ्या जागेवरून उठा सगळे." दुसऱ्या दिवशी तिच्याच टेबलावरच्या दोघी. मग समोरच्या टेबलावर. तिथून ते शेडबाहेर पडलं. शाळेत नववीच्या वर्गात एक, बाजारतळावर एक, सत्यनारायणाच्या पूजेला आलेली एक पाहुणी. आवाज निरनिराळे, पण बोलणं एकाच ठशाचं. कोंडलंय, सोडा, दार उघडा.

गावानं अर्थ लावायला वेळ घेतला नाही. शेडचं कंपाउंड घालताना बांधावरचा म्हसोबा उचलून रस्त्याच्या कडेला ठेवला होता, तोच कोपला. ज्यांना म्हसोबा पटला नाही त्यांनी त्या जागेवर जुनं मसणवट काढलं. रात्री आभाळातून माणसं कुजबुजत गेल्यासारखा आवाज येतो, असंही सांगायला लागले. येतोच आवाज. नांदूरमध्यमेश्वरचा जलाशय जवळ आहे, थंडीत तिथं दूरदेशीचे बदक आणि क्रौंच उतरतात आणि त्यांचे थवे रात्री बोलत बोलत जातात. २०२० साली या जागेला रामसरचा, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा जाहीर झाला तेव्हा पेढे वाटणारेच आता त्या आवाजाला कानावर हात ठेवत होते.

मग गाव बांधायचं ठरलं. शिवेवरून दुधाची धार, चारी कोपऱ्यांना नारळ, खिळे, काळा दोरा. बाहेरून एक बुवा आला, पांढऱ्या गाडीतून, दोन चेल्यांसह. घरटी पाचशे रुपये वर्गणी. त्यासाठी पावतीपुस्तक छापलं, अनुक्रमांकासह. सरकारी नोकरीत हयात गेली, नाना तऱ्हेच्या पावत्या पाहिल्या, भुताच्या नावानं फाडलेली पावती प्रथमच पाहिली. माझ्या घरी आले तेव्हा मी विचारलं की उरलेल्या पैशांचा हिशोब ग्रामसभेत ठेवणार का. तेव्हापासून एकदोन माणसं माझ्याशी बोलत नाहीत.

पैसे गेले त्याचं एवढं नाही. बुवानं शाळकरी पोरीला कोंदट खोलीत बसवून मिरच्यांची धुरी दिली. अंगावर निरगुडीच्या ओल्या फोकांचे वळ मी स्वतः पाहिले. पोरीचा बाप खोलीच्या दारात उभा होता आणि रडत होता. त्याला वाईट वाटत नव्हतं असं कोण म्हणेल? पण आत शिरून बुवाचा हात धरायची त्याची छाती झाली नाही, कारण मागे अर्धं गाव उभं होतं. शेवटी तिची आत्या आत घुसली. तिनं पोरीला उचललं, रिक्षात घातलं आणि सरळ ग्रामीण रुग्णालय गाठलं. या आत्याबद्दल तुमच्या बातमीत एक ओळ नाही.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी जे सांगितलं ते माझ्या भाषेत लिहितो. घाबरून माणूस भराभर श्वास घ्यायला लागला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो. हातापायाला मुंग्या येतात, डोकं हलकं होतं, बोटं आपोआप आत वळतात आणि ताठ होतात. गाव ज्याला भुतानं आवळलेल्या मुठी म्हणत होतं, त्या या. अशा माणसाच्या नाकाशी मिरचीचा धूर धरला तर तो आणखी भराभर श्वास घेणार, मुठी आणखी आवळणार, आणि बुवा म्हणणार, बघा, आता भूत जोर करतंय. पोरीचं रक्त तपासलं तर तेही कमी. त्यात नवल नाही. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक बायकांना रक्तक्षय आढळला होता.

गावातली दुसरी बाजूही लिहायला हवी, कारण ती माझ्यासारख्या शिकलेल्यांची आहे. चहाच्या टपरीवर पेपर वाचणारे आमचे मित्र म्हणत होते, "सगळी नाटकं आहेत. काम नको म्हणून ढोंग." डॉक्टरीणबाईंना हे सांगितलं तर त्या चिडल्या. म्हणाल्या, ढोंग करणाऱ्याला कळत असतं की आपण ढोंग करतोय. या पोरींना कळत नव्हतं. भान हरपून दुसऱ्याच कुणाच्या तरी आवाजात बोलणं याची जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत रीतसर नोंद आहे, आणि धास्तावलेल्या, एकाच जागी कोंडून घेतलेल्या माणसांत ते एकीकडून दुसरीकडे जातं, त्याला जंतू लागत नाहीत. म्हणजे मारणारे चुकले आणि हसणारेही चुकले.

आता माझ्या घरातलं सांगतो, बायकोला विचारूनच. मी अंधश्रद्धा निर्मूलनाचा कार्यकर्ता नाही. आमच्या हिच्या अंगात सप्तशृंगी येते. नवरात्रात अष्टमीला, आणि चैत्रात खानदेशातल्या पायी दिंड्या गडाकडे निघाल्या की एखाद्या दिवशी. माझी आई हयात होती तेव्हाची गोष्ट. घरात संडास बांधायला आईचा विरोध होता. देवघर असलेल्या घरात ती घाण नको म्हणायची. बायको काही बोलायची नाही, अंधारात डबा घेऊन बाहेर जायची. एका अष्टमीला देवी आली, ओटी भरून झाली, आणि देवी माझ्या आईकडे वळून म्हणाली, "माझ्या लेकीनं काळोखात काट्याकुट्यात का जायचं? दिवाळीच्या आत घरात सोय कर." आईनं जमिनीला डोकं टेकलं. दिवाळीच्या आत सोय झाली. वर दाराला आतून कडीही बसवली, कारण देवीनं कडीचाही स्पष्ट उल्लेख केला होता. देवी बोलली की बायको, याचा छडा मी लावला नाही. संसारात काही पाकिटं न फोडता ठेवलेली बरी. पण सांगितलेलं आम्ही ऐकलं, आणि ऐकल्यानं कोणाचं नुकसान झालं नाही.

शेडमध्ये भूत सांगत होतं, दार उघड. ते उघडायचं सोडून शेडवाल्यानं वर आणखी एक कुलूप घातलं आणि त्यावर लिंबू बांधलं.

आमच्या गल्लीतली ती पोर बरी झाल्यावर आमच्या हिच्याशी बोलली. आपण काय बोललो ते तिला आठवत नाही. त्याआधीचं आठवतं. पाळीचा दुसरा दिवस होता. दुपारच्या जेवणापासून किल्ली मागत होती. सुपरवायझर म्हणाला, कंटेनर लागलाय, पेट्या होऊ देत. वासानं डोळ्यांतून पाणी येत होतं, पण हातमोजे घातलेल्या हातानं डोळा पुसायची बंदी. "मावशी, मला वाटलं आता ओरडावं," ती म्हणाली, "पण सुपरवायझर आमच्याच भावकीतला. काका लागतो. त्याच्यावर कसं ओरडणार?" आमच्या हिनं एवढंच विचारलं, मग म्हातारा कोण गं? तर तिला तेही माहीत नव्हतं.

आपलंच गाव वेगळं नाही हे कळावं म्हणून एक जुनी हकिगत. फ्रान्समध्ये आल्प्स पर्वतात मॉर्झिन नावाचं गाव आहे. तिथं १८५७ साली दोन लहान मुलींपासून हेच सुरू झालं. झटके, शिव्या, परक्या आवाजात बोलणं. बघता बघता शंभरावर बायका-मुली त्यात सापडल्या. पाद्र्यांनी भूत काढून पाहिलं, जाहीर रीतीनं काढलं की वाढायचं. १८६१ मध्ये सरकारनं कॉन्स्टन्स नावाचे डॉक्टर पाठवले, बरोबर पोलीस पाठवले. रुग्णांना एकमेकींपासून दूर, निरनिराळ्या गावांच्या दवाखान्यांत नेलं. उतार पडला. पण १८६४ मध्ये बिशप गावात आले, भुतं काढतील म्हणून सगळं गाव चर्चमध्ये लोटलं आणि बायका पुन्हा लोळायला लागल्या. मॉर्झिनचे बाप्ये वर्षातले कितीतरी महिने रोजगारासाठी परगावी असत, डोंगरावरची शेती, गुरं, म्हातारी माणसं सगळं बायकांच्या अंगावर, हे वाचून मला आमच्याच जिल्ह्यातल्या आदिवासी पेठ-सुरगाण्याची आठवण झाली.

याहून जवळचं उदाहरण मलेशियाचं. सत्तरच्या दशकात तिथं इलेक्ट्रॉनिक्सचे कारखाने आले. खेड्यातल्या पोरी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून दिवसभर बारीक तारा जोडत बसायच्या. मधेच एखादीला भूत दिसायचं, किंचाळी फुटायची, आणि पाहता पाहता अख्खी ओळ पडायची. कारखानदारांनी त्यांच्याकडचे भगत, ज्यांना तिथं बोमो म्हणतात, ते आणले, बकरे कापले. कामाचा वेग तेवढा सैल केला नाही.

पेठ-सुरगाण्याचं नाव निघालंच आहे, तर ज्यासाठी मुख्यतः लिहायला बसलो ते सांगतो. हंगामात तिकडची आदिवासी कुटुंबं आमच्याकडे टोळीनं येतात, बागेच्या कडेला ताडपत्रीची पालं टाकून राहतात. यंदाच्या टोळीत स्वयंपाकाला एक एकटी बाई होती. नवरा नाही, मूल नाही. शेडमध्ये पहिल्या पोरीनं तिच्या हातची भाकरी खाल्ली होती, एवढ्यावरून बुवानं 'परमुलखातली बाई' असा इशारा केला. मग कुणीतरी तो शब्द उच्चारला, डाकीण. त्या रात्री पालांभोवती माणसं जमली. हातात काठ्या होत्या. बिबट्यासाठी, असं नंतर सगळे म्हणाले.

मला रात्रभर राईनपाडा दिसत होता. १ जुलै २०१८, शेजारच्या धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यात, भर आठवडे बाजारात. पोरं पळवणारी टोळी आली अशी मोबाइलवरची अफवा, आणि नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठेचून मारली. भिक्षा मागायला आलेली माणसं. तिथल्या जमावातही बिचारे, देवभोळे, लेकुरवाळे लोकच असणार.

आमच्याकडे तसं झालं नाही, कारण पोलीस पाटीलबाई पालांसमोर जाऊन उभ्या राहिल्या. एकट्या, टॉर्च घेऊन. त्यांनी मोबाइलवर कायदा काढला आणि मोठ्यानं वाचला. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांना गोळ्या घातल्या, त्यानंतर चार दिवसांत ज्याचा अध्यादेश निघाला, आणि ज्यासाठी ते वर्षानुवर्षं झगडले, तो कायदा. भूत उतरवण्याच्या नावाखाली दोरीनं बांधणं, काठीनं मारणं, मिरचीची धुरी देणं हा गुन्हा. अमकी बाई करणी करते असं जाहीर करणं हाही गुन्हा. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत, दंड पाच हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत, आणि अजामीनपात्र. पुढे त्यांनी हेही वाचलं की यात्रा, कीर्तन, भजन, घरातली पूजाअर्चा यांना हा कायदा हात लावत नाही. हे दुसरं वाचल्यावर लोक सैल झाले. त्यांना वाटत होतं, कायदा आपल्या देवावर उठलाय. काठ्या खाली आल्या.

टोळीतले एक म्हातारे बाबा मला नंतर म्हणाले, "मास्तर, आमच्यात पण वारं येतं. मार्गशीर्षात डोंगऱ्या देवाला. पावरी वाजती, माउल्या घुमत्यात. पण कुनी कुनाला मारत न्हाई. वारं आल्याव संभाळायची मानसं ठरलेली असत्यात." दुसऱ्या दिवशी पहाटे पालं उठली. त्यांची त्या आठवड्याची मजुरी अजून शेडकडे अडकली आहे. हिशोब टोळीच्या मुकादमाच्या वहीत आहे. मी पाहिला आहे.

महोदय, तुमच्या बातमीत यातलं काय होतं? म्हसोबा होता, मसणवट होतं, बुवाचा अर्ध्या पानाचा फोटो होता आणि त्याचं म्हणणं अवतरणात होतं. त्याच कायद्यात अशा प्रकारांचा प्रसार करण्यालाही बंदी आहे, हे तुमच्या विधी विभागाला एकदा विचारून घ्या. बातमी आल्यावर शेजारच्या तालुक्यांतून तरुण पोरं मोटारसायकलींवर 'भूत बघायला' येऊ लागली, रात्री शेडसमोर व्हिडिओ काढू लागली. त्याच आठवड्यात कॉलेजला जाणाऱ्या आमच्या गावच्या मुलींना बसमध्ये 'झपाटलेल्या' म्हणून हाका मारल्या गेल्या. एका घरातला बघण्याचा कार्यक्रम मोडला. हे भूत तुमच्या छापखान्यातून निघालं आहे आणि ते कोणत्याही बुवाला उतरवता येणार नाही.

दुरुस्ती छापा, आणि जिथं बातमी छापली त्याच जागी छापा, आतल्या पानावर तळाशी नको. टेलिमानसचा, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतवाहिनीचा, १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, दिवसरात्र चालतो, मराठीत बोलतात. तो राशिभविष्याच्या शेजारी रोज चौकटीत द्या, म्हणजे ज्यांना गरज आहे त्यांच्या नजरेला नक्की पडेल. मनोरुग्णांची सरकारी मोठी रुग्णालयं राज्यात चार, ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीला. नाशिकहून यातलं एकही जवळ नाही, तेव्हा ग्रामीण रुग्णालयात मानसोपचाराचे डॉक्टर आठवड्यातून एक दिवस तरी बसावेत, अशी मागणी तुमच्या पेपरनं लावून धरली तर मी स्वतः सह्या गोळा करीन. अशा शेडमधली हवा, दारं आणि संडास कोण तपासतं, हे औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाच्या नाशिक कार्यालयात जाऊन विचारा. आणि पेठच्या माणसांच्या मजुरीचं शेडवाल्याला विचारा. मी विचारलं तर तो मला चहा पाजतो. तुम्ही विचारलं तर उत्तर द्यावं लागेल.

शेड मधे बंद होती, ती पुन्हा सुरू झाली आहे. म्हसोबा परत बांधावर बसवला, शेंदूर लावला, नारळ फोडला. त्याला माझी काही हरकत नाही, त्याची जागा त्याला मिळाली. दाराची बाहेरची कडी काढली आहे, ती आमच्या हिच्यासह गल्लीतल्या सात-आठ बाया शेडवर जाऊन बसल्या म्हणून. संडासची किल्ली मात्र काल संध्याकाळपर्यंत सुपरवायझरच्याच खिशात होती. तुमचा वार्ताहर येणार असेल तर कंटेनर भरायच्या दिवशी पाठवा, पाचनंतर. निफाडहून एसटी आहे. फाट्यावर उतरून कोणालाही पोस्टमास्तरांचं घर विचारावं. लिंबू आणायची गरज नाही.

आपला,
एक जुना वर्गणीदार
(निवृत्त सब-पोस्टमास्तर, ता. निफाड, जि. नाशिक)

ता. क. : नाव आणि गाव छापू नये. पोलीस पाटीलबाई आणि त्या आत्या यांचा उल्लेख मात्र कापू नये.